वहिनींच्या भट्टीचा थर्मामीटर

आमच्या नातेवाइकांत एक गोष्ट पक्की ठरून गेली आहे. माझे थोरले भाऊ गेल्यावर वहिनींनी अंधेरीत नानकटाई आणि केक करून विकायचा प्रयत्न केला, पण मोठं काम त्यांना झेपलं नाही, म्हणून त्या मुलीला घेऊन माहेरी निघून गेल्या. लग्नकार्यात पंगतीला बसल्यावर हे मी कितीदा तरी ऐकलं आहे. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. मी तिथेच बसलेला असतो आणि पानातला भात कालवत राहतो.

हे खरं नाही. काम त्यांना झेपत होतं. ते माझ्यामुळे बिघडलं, आणि माझ्यामुळे बिघडलं हे मला तेव्हाच, दोन दिवसांत कळलं होतं. मी बोललो नाही. आता माझं वय ब्याऐंशी आहे, आणि ज्यांच्यापाशी बोलायला हवं होतं त्या राहिल्या नाहीत.

सदुसष्ट-अडुसष्टचा सुमार असेल. अंधेरी पूर्वेला एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. भाऊ एका कचेरीत होते. ताप आला, कावीळ झाली, आणि तीन आठवड्यांत सगळं संपलं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा. वहिनी तिशीच्या, पुतणी पाच वर्षांची. दिवसकार्य आटोपलं तशी वहिनींच्या भावाची कोकणातून पत्रं येऊ लागली. घर मोठं आहे, वाडी आहे, दोघी इकडे या. माणूस मनापासून लिहीत होता.

वहिनींनी त्याच्याकडे एक वर्ष मागून घेतलं. मला म्हणाल्या, "भावोजी, तिथे मला कोणी उपाशी ठेवणार नाही. पण दादाच्या घरी मी पाहुणी होणार, ती हिचं लग्न होईपर्यंत. कुणाच्या पुढ्यात भाजी चिरायला बसायचं तेही विचारून. इथे माझं मी काही उभं करू शकले तर बघते. नाही जमलं तर वर्षाने जाईन."

उभं करायचं ते काय, हे त्यांचं ठरलेलं होतं. आमच्या खाली घरमालकीण राहायची. तिथल्या जुन्या गावठाणातली ख्रिस्ती बाई, मोठ्या आवाजाची, मराठी आमच्यापेक्षा पक्की. तिने वहिनींना केक शिकवला होता. वहिनींकडे विजेचा गोल ओव्हन होता, ॲल्युमिनियमचा, झाकणाला काच असलेला. त्यात एका वेळी सोळा नानकटाया मावायच्या. ओव्हन तापला का हे बघायला त्या डब्याच्या झाकणात चिमूटभर रवा घालून आत ठेवायच्या. रवा कोणत्या रंगावर किती वेळात जातो त्यावरून त्यांना कळायचं. आणि माल झाला की नाही ते वासावरून. खोलीत इकडे तिकडे वावरत असायच्या, पुतणीची वेणी घालत असायच्या, आणि मध्येच "झालं" म्हणून उठायच्या. कधी चुकल्या नाहीत. त्यांच्या नानकटाईची खालची बाजू सगळीकडे सारखी बदामी असायची. घरमालकीण ती उलटी करून बघायची आणि म्हणायची, "बघ रे, तुझ्या वहिनीच्या नाकात घड्याळ आहे."

स्टेशनजवळ एक गुजराती दुकानदार बिस्किटं, फरसाण विकायचा. त्याने नमुना खाल्ला आणि म्हणाला, तीन शनिवार माल द्या, गिऱ्हाईक काय म्हणतो बघतो, पसंत पडलं तर कायमचं घेईन. आमच्या दृष्टीने त्या तीन शनिवारांवर सगळं होतं. वहिनींनी भावाला पत्र लिहिलं की चिन्ह बरं दिसतंय.

गोल ओव्हनमध्ये एवढा माल निघणार नव्हता. इथे मी मध्ये आलो. मी साकीनाक्याला एका लहान कारखान्यात होतो. तिथे तबकडीचे थर्मामीटर बनायचे, बॉयलरसाठी, रंग सुकवायच्या भट्ट्यांसाठी. शेजारच्या गाळ्यातल्या पत्रेवाल्याकडून मी दुहेरी पत्र्याची पेटी करून घेतली, दोन कप्प्यांची, खाली रॉकेलचा वातींचा स्टोव्ह बसेल अशी. चांगली झाली होती. पण तिला काच नव्हती आणि दार घट्ट बसत होतं. आतला वास बाहेर यायला वेळ लागायचा. मी वहिनींना म्हणालो, "आता रव्याचं आणि नाकाचं काम नाही. थर्मामीटर बसवू."

कोणता बसवायचा यावर मी आठवडाभर विचार केला. भावाच्या मागे घरात माझा काही उपयोग आहे असं मला त्या आठवड्यात पहिल्यांदा वाटलं, हेही सांगितलं पाहिजे. काचेचा, पाऱ्याचा मी आधीच बाद केला. फुटला तर पारा पिठात. फोर्टमध्ये एका दुकानात परदेशी मिळायचा, लहानसा, भट्टीच्या आत उभा करून ठेवायचा. पण तो वाचायला दर वेळी दार उघडायचं आणि तेवढ्यात उष्णता बाहेर. तिसरा आमच्याकडे बनायचा तो. वीतभर दांडी आत, तबकडी बाहेर. दांडीच्या आत दोन धातूंची जोडपट्टी गुंडाळलेली असते. तापली की ती पिळते आणि काटा फिरतो. दार न उघडता, भाजी चिरता चिरता मान वळवून वाचता येतो. मी तो निवडला आणि माझी निवड बरोबर होती. तेवढ्यापुरती.

कारखान्यातल्या आमच्या मिस्त्रींना विचारलं, एक घरी नेऊ का. ते म्हणाले, "ने की रे. वहिनीला सांग, पहिला केक इकडे."

नुकताच दोन डझनांचा एक लॉट तयार झाला होता, त्यातला एक मी उचलला. लॉट मीच तपासून पास केला होता, कागदावर सही माझी होती. आमच्याकडे तपासणीची रीत अशी: आधी उकळत्या पाण्यात शंभर बघायचं, मग तेलाच्या पातेल्यात दीडशेला आणि दोनशेला, शेजारी काचेचा खात्रीचा थर्मामीटर धरून. एका ठिकाणी बरोबर दाखवणारा काटा वर जाऊन भरकटू शकतो, म्हणून तीन ठिकाणी. त्या आठवड्यात तेलाच्या पातेल्याचा हीटर उडाला होता आणि माल जायची घाई होती. मिस्त्री म्हणाले होते, "पाण्यावर बघ आणि मार शिक्का. एकाच पट्टीचे आहेत सगळे." चोवीसच्या चोवीस शंभरावर थांबले. मी शिक्के मारले.

घरी पेटीच्या बाजूला भोक पाडून दांडी आत सरकवली. ट्रेच्या उंचीवर, पत्र्याला न टेकता, चार बोटं आत. दांडी पत्र्याला टेकली तर हवेची नाही, पत्र्याची उष्णता दाखवते. स्टोव्ह पेटवल्यावर वीस मिनिटं वाचायचाच नाही. वहिनींना मी हे सगळं समजावलं. घरमालकिणीच्या वहीत आकडे फॅरेनहाइटचे होते, ते मी सेल्सिअसमध्ये करून कागदावर लिहिले. नानकटाई एकशे साठ, केक एकशे ऐंशी, आणि पुढे किती मिनिटं ते. कागद भिंतीला चिकटवला.

पहिल्या शनिवारी मी कामावर होतो. माल उत्तम झाला. दुकानदाराने निरोप पाठवला, "बेन, एकदम सरस." संध्याकाळी वहिनी सांगत होत्या, "काटा एकशे चाळीसच्या वर जाऊ दिलाच नाही. वास पुढे पळायला लागला, म्हणून दोन वाती खाली केल्या आणि लवकर काढलं."

मी कौतुक करायला हवं होतं. मी म्हणालो, "एकदा जमलं वहिनी. रोज जमेल का? दुकानाचा माल अंदाजाने नसतो करायचा."

त्यांनी मान हलवली. त्या हट्टी नव्हत्या. आणि मी त्यांच्या नवऱ्याचा भाऊ, कारखान्यात हेच काम करणारा.

दुसऱ्या शनिवारी मी मुद्दाम सुट्टी घेतली. पेटीसमोर स्टूल टाकून बसलो. वहिनी आतून पिठाचे हात घेऊनच आल्या.

"भावोजी, वास बघा."

"कसला?"

"तूप पुढे गेलंय. वाती खाली करू?"

"काटा एकशे पंचावन्नवर आहे. अजून एकशे साठसुद्धा नाही."

"पण वास..."

"वहिनी, नाकाला आकडे असतात का? पाच मिनिटं थांबा."

त्या थांबल्या. दाराजवळ उभ्या राहिल्या, हात पुसत. मला त्यांचा चेहरा दिसत होता. झोपलेलं मूल रडतंय आणि उचलायचं नाही म्हणून सांगितलंय, तसा. पाच मिनिटांनी ट्रे काढले. नानकटायांच्या कडा तांबूस आणि खालची बाजू काळपट. मी म्हणालो, तुपात काहीतरी असेल. मैदा बदललात का? त्यांनी मैदा बदलला नव्हता. दुकानदाराने निम्मा माल ठेवून घेतला.

तिसऱ्या शनिवारी केक होते. दुकानदाराने कुठल्याशा शाळेच्या कार्यक्रमासाठी बारा सांगितले होते. मी कामावर निघालो तेव्हा म्हणालो, "काटा एकशे ऐंशी झाल्याशिवाय आत ठेवायचे नाहीत, आणि कागदावरच्या वेळेआधी दार उघडायचं नाही." त्या म्हणाल्या, "नाही उघडणार."

आणि पहिल्या वेळी त्यांनी उघडलं नाही. पहिल्या सहा केकांची डोकी काळी होऊन फुटली. दुसऱ्या सहांच्या वेळी त्या घाबरल्या, मध्येच दार उघडून वरून रंग दिसताच काढले, तर आत पीठ ओलं. मी संध्याकाळी आलो तेव्हा बाराही केक टेबलावर ओळीने मांडलेले होते आणि वहिनी भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. घरमालकीण वर आलेली होती.

"काटा उपटून फेक गं तो," ती म्हणत होती. "माझ्या आयने कधी काटा बघितला होता? हात घालायची भट्टीत, झालं."

वहिनींनी माझ्याकडे बघून विचारलं, "काटा तर बरोबर आहे ना भावोजी?"

"बरोबर आहे," मी म्हणालो. तोवर मला तसं खरंच वाटत होतं.

"एकदा तपासून बघाल?"

सोमवारी थर्मामीटर काढून मी कारखान्यात नेला. तेलाच्या पातेल्याचा हीटर दुरुस्त होऊन आला होता. जेवणाच्या सुट्टीत, बाकीचे बाहेर असताना तपासला. शंभरला शंभर. खऱ्या दीडशेला आमचा काटा एकशे तेहतीसवर. खऱ्या एकशे ऐंशीला एकशे पंचावन्नवर. म्हणजे मी जेव्हा स्टुलावर बसून "अजून एकशे साठसुद्धा नाही" म्हणत होतो, तेव्हा आत एकशे ऐंशी होते. वहिनींना ते वासावरून कळलं होतं. पहिल्या शनिवारी त्यांनी काटा एकशे चाळीसवर धरला होता, म्हणजे खरे एकशे साठ. माझ्या कागदावरचा आकडा त्यांनी कागद बाजूला ठेवून बरोबर गाठला होता.

पट्टीच चुकीची आली होती. म्हणजे सगळ्या लॉटची. बाकीचे तेवीस थर्मामीटर तोवर एका भट्टीवाल्याकडे गेले होते, माझ्या सहीने. काही महिन्यांत मला नोकरीत कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. वहिनींना खरं सांगितलं असतं तर त्या पुढचा प्रश्न विचारणारच: मग बाकीच्यांचं काय? त्या तशा होत्या. आणि मग मला मिस्त्रींसमोर उभं राहावं लागलं असतं.

मी थर्मामीटर पिशवीत टाकला. घरी जाईपर्यंत माझं ठरलेलं होतं की घरात सांगायचं, कारखान्यात नाही. दार वहिनींनी उघडलं. मी चपला काढत होतो.

"तपासलात?"

"तपासला. बरोबर आहे."

मी तयारीने बोललो असतो तर निदान ते मला समजलं असतं. तसं नव्हतं. ते तोंडातून निघून गेलं, आणि मग ते परत घ्यायला एक कारण लागलं असतं. ते मी शोधत राहिलो. वहिनी म्हणाल्या, "बरं झालं तपासलंत," आणि चहा ठेवायला आत गेल्या.

त्यानंतर मी आतल्या खोलीतून ऐकलं. घरमालकीण विचारत होती, परत एकदा दुकानदाराकडे जाऊन बघतेस का? वहिनी म्हणाल्या, "नको हो. काटा बरोबर आहे, भावोजींनी स्वतः तपासलाय. माझंच नाक गेलं. हे गेल्यापासून मला काही धड कळतच नाही."

"अगं, नाक जायला तुला काय पडसं झालंय?"

"नाही हो, गेलंच."

मी पेपर धरून बसलो होतो. उठून चार पावलं टाकली असती तर झालं असतं.

दुकानदार वाईट नव्हता. त्याने आणखी एक शनिवार देऊ केला होता. वहिनींनीच नको म्हटलं. पुतणीची परीक्षा झाली आणि उन्हाळ्यात त्यांचा भाऊ न्यायला आला. ट्रंका बांधताना त्यांनी गोल ओव्हन घरमालकिणीला देऊन टाकला. पत्र्याची पेटी तिथेच राहिली. दोन महिन्यांनी मी नोकरीत कायम झालो. त्या तेवीस थर्मामीटरांची तक्रार कधी आली नाही. का आली नाही ते मला माहीत नाही.

त्या दोन खोल्यांना मी तोवर कधी कुलूप लावलं नव्हतं. घरात कोणीतरी असायचंच, मी आलो की कडी वाजवायचो. त्या गेल्या त्या दिवशी मी त्यांना गाडीत बसवून परत येताना स्टेशनबाहेर कुलूप विकत घेतलं. पुढे कित्येक महिने मी दारापाशी येऊन आधी कडी वाजवायचो आणि मग खिशात किल्ली शोधायचो. खालून घरमालकीण हाक मारायची, "कोणाला बोलावतोस रे?" आधी चेष्टेने, मग तिने विचारायचं सोडलं.

जेवायला खानावळ लावली. रविवारी खानावळ संध्याकाळी बंद असायची, तेव्हा भात लावायचो. एका माणसाचा भात करायला मला कधीच जमलं नाही. पेटीत मी जुनी वर्तमानपत्रं ठेवायला लागलो. थर्मामीटर रद्दीवाल्याला दिला नाही, कारखान्यातही परत नेला नाही. तो कुठे गेला हे मला आठवत नाही, आणि हे मी खरं सांगतो आहे. लग्नाचं दोन-तीनदा निघालं. मुलीकडची माणसं घर बघायला यायची आणि विचारायची, इथे आधी कोण राहायचं? मग मीच पुढे काही करायचो नाही.

दर मे महिन्यात मी आठ दिवस कोकणात वहिनींकडे जायचो. पहिल्या वर्षी सांगायचं ठरवून गेलो होतो. बसमध्ये वाक्यं जुळवली होती. पोचलो त्या दुपारी स्वयंपाकघरातून वहिनींनी हाक मारली.

"भावोजी, जरा इकडे या. दूध लागलंय का बघा. मला हल्ली कळत नाही."

त्यांची भावजय चुलीपाशी हसली. "आमच्या वन्सं कढी झाली का तेही पंचांना विचारून ठरवतात. परवा डाळ खाली लागली तर पोरीला खेळून येऊ द्या म्हणाल्या, ती वास घेईल."

वहिनीही हसल्या. पातेलं माझ्यापुढे धरून त्या थांबल्या होत्या. ज्या बाईला बंद पत्र्याच्या पेटीतली वीस डिग्री नाकाने कळली होती, ती दुधाचा निकाल माझ्याकडून घ्यायला उभी होती. त्या क्षणी सांगण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं.

"नाही लागलं," मी म्हणालो.

दूध खरंच लागलं नव्हतं. त्या "हुश्श" म्हणाल्या आणि पातेलं उतरवलं. जुळवलेली वाक्यं मी आठ दिवस घेऊन हिंडलो आणि परत आणली. पुढच्या वर्षी वाटलं, आता सांगितलं तर त्या विचारतील, मागच्या वर्षी का नाही? दर वर्षी हा प्रश्न एका वर्षाने मोठा होत गेला.

वहिनी तीन वर्षांपूर्वी गेल्या. पुतणी आता साठीच्या पुढची आहे, पुण्याला असते. दर रविवारी सकाळी दहाला ती मला फोन करायची. मला दुसरं कोणी फोन करणारं नाही. महिन्याभरापूर्वी फोनवर ती सहज म्हणाली, "काका, सूनबाईने केक केला, जळला. मी म्हटलं आमच्या घराण्यातच आहे ते. आईलासुद्धा कुठे जमलं?"

मी सगळं सांगितलं. वर लिहिलं आहे तेवढं, याच क्रमाने. बोलून थांबलो तेव्हा मला वाटलं फोन कटला.

"आहेस का गं?"

"आहे." मग ती म्हणाली, "आठवीत असताना मी वाढदिवसाला केक मागितला होता. आईने तालुक्याहून एसटीने बेकरीचा मागवला. येईपर्यंत चेपून गेला होता. मी म्हटलं, तू कर ना, तुला येतो ना? तर म्हणाली, मला येत होता असं मलाच वाटायचं. काका, त्या वेळी तुम्ही तिथेच होतात. मे महिना होता. केक कापताना तुम्ही टाळ्या वाजवल्यात."

मला ते आठवत नव्हतं. पण तिला आठवत होतं म्हणजे तसंच असणार.

"मामाकडच्यांना सांगणार आहात?" तिने विचारलं.

"तू सांग."

"मी का सांगू? तुम्ही लिहा. नावं घालू नका हवं तर. पण मामी अजून आहे, तिला वाचून दाखवता येईल असं लिहा. आई दुधाचा वास विचारायची त्यावर ती अजून हसते."

"लिहितो."

"ठेवते मी," ती म्हणाली.

हे लिहून झालं आहे. एक प्रत मी तिला पोस्टाने पाठवली, ती पोचली असेल. गेले चार रविवार फोन आलेला नाही. मीही केलेला नाही, तो हक्क आता मला आहे असं वाटत नाही. रविवारी दहाच्या सुमाराला मी खाली दूध आणायलाही जात नाही, एवढंच.